वाचकांचे प्रश्न : इंजिन बांधून झाले, आता उरलेले पैसे कशावर खर्च करावेत?

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो. गेली काही वर्षे जुनी मारुती एस्टीम ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे जागेवरून सुटून सरळ रेषेत धावण्याच्या शर्यतीसाठी, तयार करीत आहे. 1298 सीसीच्या मूळ इंजिनाला फोर्ज्ड पिस्टन आणि जास्त लिफ्टचा कॅमशाफ्ट बसवला आहे, हेडचे पोर्टिंग करून घेतले आहे, आणि कॉम्प्रेशन 11 झाले आहे. मागची सीट, कार्पेट व आतील सर्व अस्तर काढले आहे. हातात सुमारे अडीच लाख रुपये उरले आहेत. मित्र टर्बो बसवायला सांगतात. माझ्या मनात स्लिक (नक्षी नसलेले) टायर, एलएसडी (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला शक्ती पोहोचवणारी यंत्रणा) आणि चांगला क्लच आहे. बॅटरी डिकीत हलवण्याचाही विचार आहे. आधी काय घ्यावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टर्बोचा विचार या गाडीपुरता बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये पाठवतो, आणि आपल्या इंजिनात ती हवा आधीच 11 पट दाबली जात आहे. त्यावर आणखी दाब आला की पंपावरच्या पेट्रोलला ते तापमान सोसत नाही. प्लगची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेटते, इंजिन नॉक करू लागते आणि पिस्टनवरील रिंगांमधली भिंत तुटते. हे टाळायचे तर कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन, मोठे इंजेक्टर, जास्त क्षमतेचा फ्युएल पंप, इंटरकूलर आणि ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) नवे मॅपिंग एवढे सगळे लागेल, म्हणजे कष्टाने बांधलेले इंजिन पुन्हा उलगडावे लागेल.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. ड्रॅग शर्यतीचे पूर्ण अंतर पाव मैल, म्हणजे 402 मीटर असते, आणि ते कापायला लागणारा वेळ ढोबळमानाने वजन व शक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. त्यामुळे इंजिनाची शक्ती 10 टक्क्यांनी वाढवली तरी वेळ साधारण 3 टक्क्यांनीच घटतो. 15 सेकंदांच्या गाडीला अर्धा सेकंदही मिळत नाही. याउलट पहिल्या 60 फुटांत, म्हणजे सुमारे 18 मीटरमध्ये, चाके जागच्या जागी फिरत राहिली तर तेवढा वेळ तिथेच जातो, आणि सुरुवातीला गेलेला वेळ शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचताना आणखी वाढतो. म्हणून आपले उरलेले पैसे फ्लायव्हीलपासून (इंजिनाला जोडलेल्या जड चाकापासून) रस्त्यापर्यंतच्या भागांवर आणि चालकाच्या सुरक्षिततेवर खर्च व्हावेत.

एस्टीमची पुढची चाके ओढतात, ही गोष्ट प्रत्येक पार्ट निवडताना डोळ्यांसमोर हवी. गाडी सुटताना वजन मागे सरकते. चालकासह गाडी 850 किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि त्वरण अर्धा जी (गुरुत्व त्वरणाच्या निम्मे) धरले, तर एस्टीमच्या 2365 मिलिमीटर व्हीलबेसवर सुमारे 90 किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातो. ज्या चाकांनी ओढायचे तीच ऐन वेळी हलकी होतात. बॅटरी डिकीत हलवण्याची रीत मागच्या चाकांवर चालणाऱ्या अमेरिकी गाड्यांची आहे. तिथे ती योग्यच आहे, पण आपल्या गाडीत बॅटरी आहे तिथेच राहू द्यावी. वजन कमी करायचे ते मागून करावे. मागच्या स्प्रिंग कडक घ्याव्यात, म्हणजे सुटताना गाडी मागे बसणार नाही, आणि पुढचे नाक वर उचलले जाणार नाही अशा बेताने पुढच्या शॉकॲब्सॉर्बरची निवड करावी. हे काम तुलनेने स्वस्तात होते आणि त्याचा गुण लगेच दिसतो.

टायर फक्त पुढच्या दोन चाकांसाठी चांगले घ्यावेत. मागे अरुंद, हलके आणि पूर्ण हवा भरलेले टायर पुरतात. मात्र पूर्ण स्लिक घेण्याआधी आपण कुठे धावणार आहात याचा विचार करावा. अमेरिकेतील ड्रॅग स्ट्रिपवर चिकट द्रव फवारून पृष्ठभाग मुद्दाम तयार केलेला असतो. आपल्याकडे शर्यती बहुधा विमानांच्या धावपट्ट्यांवर होतात. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर त्या झालेल्या आहेत. अशा धुळीच्या, तयार न केलेल्या पृष्ठभागावर स्लिकचा पूर्ण फायदा मिळत नाही, म्हणून मऊ रबराचा ड्रॅग रेडियल टायर मला आपल्यासाठी अधिक योग्य वाटतो.

टायरनंतर क्लच आणि फ्लायव्हील एकत्रच घ्यावेत. क्लच किती टॉर्क पेलेल हे प्रेशर प्लेटचा दाब, अस्तराचे घर्षण आणि अस्तराची सरासरी त्रिज्या यांवर ठरते. त्यामुळे जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि मध्यभागी स्प्रिंग असलेली सिरॅमिक बटणांची डिस्क आपल्याला पुरेल. स्प्रिंग नसलेल्या डिस्कचा सगळा झटका गिअरबॉक्सवर जातो.

फ्लायव्हीलविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या गावात लेथची कमतरता नाही आणि मूळ फ्लायव्हील लेथवर चढवून हलके करून घेण्याचा मोह कोणालाही होतो. मूळ फ्लायव्हील ओतीव लोखंडाचे असेल तर ते मुळीच करू नये. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही, हे उद्यमनगरात कोणालाही नव्याने सांगायला नको. फिरणाऱ्या चकतीतील ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 6000 वरून 7500 आरपीएमला गेलात की तो 56 टक्क्यांनी जास्त होतो, आणि त्यातच मधला जाड भाग छिलून पातळ केलेला असतो. असे फ्लायव्हील फुटले तर त्याचे तुकडे बेल हाउसिंग आणि पत्रा फोडून थेट चालकाच्या पायांपर्यंत येतात. ईएन-24 पोलादाच्या फोर्ज्ड ब्लँकमधून नवीन फ्लायव्हील करून घ्यावे, आणि क्लच असेंब्लीसह त्याचे डायनॅमिक बॅलन्सिंग करावे. ते अतिशय हलकेही नको. सुटण्याच्या क्षणी फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाच गाडीला पहिला रेटा देते, आणि फार हलक्या फ्लायव्हीलची गाडी क्लच सोडताच मान टाकते.

आता एलएसडी. दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या साध्या डिफरन्शियलमध्ये पकड सुटलेल्या चाकाइतकाच टॉर्क दुसऱ्या चाकाला मिळतो. सुटण्याच्या जागी डांबरावर रबराचा एकच काळा पट्टा दिसला तर दोष तिथेच आहे असे समजावे. सरळ धावणाऱ्या आपल्या गाडीला हेलिकल प्रकारचा एलएसडी योग्य, कारण त्यात झिजणाऱ्या प्लेट नसतात आणि स्टिअरिंगला तो कमी झटके देतो. पैसे वाचवण्यासाठी डिफरन्शियलचे गिअर वेल्डिंग करून पक्के करण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते करू नये; 140 किलोमीटरच्या वेगाने जाताना स्टिअरिंग हाताला जड होणे किंवा एखादा शाफ्ट तुटून गाडी एका बाजूला ओढली जाणे जिवावर बेतू शकते. पकड वाढली की पुढचा कमकुवत दुवा ड्राइव्ह शाफ्ट (चाके फिरवणारे दांडे) आणि सीव्ही जॉइंट (त्यांचे वळणारे सांधे) यांचा असतो, त्यामुळे निदान दोन्ही जॉइंट नवीन घालावेत आणि एक जोडी शाफ्ट सोबत ठेवावी.

गिअरचे गुणोत्तर सर्वांत शेवटी ठरवावे. गाडी 150 किलोमीटर वेगाने रेषा ओलांडत असेल आणि टायरचा घेर 1.75 मीटर असेल, तर चाक मिनिटाला सुमारे 1430 फेरे घेते. त्या क्षणी इंजिन 7000 आरपीएमवर हवे असेल तर गिअर आणि क्राउन-पिनियन (चाकांकडील शेवटची गिअर-जोडी) मिळून एकूण गुणोत्तर सुमारे 4.9 येते. आधी आहे त्या गिअरबॉक्सवर धावून रेषेवरचा खरा वेग नोंदवावा आणि मगच क्राउन-पिनियनवर पैसे घालावेत.

प्रश्न : रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा) बाहेरून मागवण्याऐवजी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला तर चालेल का? पाइप कोणता वापरावा?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : चालेल, आणि कोल्हापूर परिसरात हे काम उत्तम करणारे हात आहेत, अट एवढीच की माप आणि माल यांत तडजोड होऊ नये. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार क्रीडा संघटनेच्या नियमांनुसार चालकाच्या मागच्या मुख्य कमानीसाठी कार्बन पोलादाचा, जोड नसलेला, थंड ओढलेला पाइप लागतो. तो 45 मिलिमीटर व्यासाचा व 2.5 मिलिमीटर जाडीचा, किंवा 50 मिलिमीटर व्यासाचा व 2 मिलिमीटर जाडीचा असावा, आणि त्याची ताणशक्ती किमान 350 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावी. बाजाराच्या भाषेत सीडीएस पाइप मागावा आणि मालासोबत टेस्ट सर्टिफिकेट घ्यावे. फर्निचरचा ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून जोडलेला) पाइप किंवा पाण्याचा जीआय पाइप कोणी कितीही आग्रहाने सुचवला तरी घेऊ नये. जीआयवरच्या जस्तामुळे वेल्डिंग पोकळ राहते आणि त्याचा धूर वेल्डरच्या छातीला अपायकारक असतो.

केजचे पाय नुसत्या फ्लोअरच्या पत्र्यावर टेकवू नयेत, कारण अपघातात ते पत्रा फाडून खाली जातात. प्रत्येक पायाखाली 3 मिलिमीटर जाडीची, किमान 120 चौरस सेंटीमीटरची प्लेट बॉडीला वेल्ड केलेली असावी. पाइप गरम करून वाकवू नये; बेंडिंग मशीनवर थंडच वाकवावा आणि वाकात सुरकुती दिसली तर तो तुकडा बाद करावा. डोक्याजवळच्या नळ्यांवर पॅडिंग घालावे.

अमेरिकेतील एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संस्था पाव मैल 11.49 सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाड्यांना रोल बार (चालकाच्या मागची पाइपची कमान) सक्तीचा करते. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या त्याहून मंद आहेत, तरीही मी रोल बार लावण्याचाच आग्रह धरीन, कारण आपल्या धावपट्ट्यांच्या कडेला तिकडच्या ड्रॅग स्ट्रिपसारख्या सलग काँक्रीट भिंती नसतात आणि रस्ता सोडलेली गाडी मातीत रुतून उलटते. बेल्ट घेताना त्यावरील मुदतीची चिठ्ठी पाहावी, कारण मुदत संपलेले बेल्ट स्वस्तात विकले जातात. हेल्मेट मोटारसायकलचे नको. मोटार शर्यतीच्या हेल्मेटचे अस्तर आगीला दाद देत नाही.

प्रश्न : ट्यूनिंगसाठी पहाटे महामार्गावर गाडी पळवून पाहिली तर काय हरकत आहे? त्या वेळी वाहतूक नसते.
— एक वाचक, कागल

उत्तर : हरकत मोठी आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर पहाटेसुद्धा उसाच्या ट्रॉल्या, दुधाचे टेम्पो आणि पायी कामाला निघालेली माणसे असतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय इतके बदल केलेली गाडी रस्त्यावर आणणेच कलम 52 मध्ये बसत नाही. इंधन आणि इग्निशनचे मॅपिंग चॅसिस डायनोवर (गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) करून घ्यावे, सुटण्याचा सराव एफएमएससीआय या भारतीय मोटार क्रीडा महासंघाची परवानगी असलेल्या स्पर्धेच्या सराव फेऱ्यांत करावा, आणि गाडी तिथपर्यंत फ्लॅटबेडवर चारही चाकांना पट्टे बांधून न्यावी.