आधी बॉल, मग माती

प्रश्न : काका, नमस्कार. फौजेत असताना गोल्फ शिकलो, आता समुद्रपूर तालुक्यात शेती पाहतो. जमेल तेव्हा कामठीला खेळतो, एरवी घरच्या वावरात सराव करतो. सात नंबरचा आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब (गोल्फची काठी), कधी बॉलच्या मागेच मातीत रुततो, कधी बॉलच्या डोक्यावर लागतो. बरा लागला तरी बॉल उंच चढतो आणि लवकर पडतो. पुतण्याने मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला. त्यात बॉलला लागताना क्लबचं हेड हातांच्या पुढे गेलेलं आणि डावं मनगट मोडलेलं, म्हणजे मागे वाकलेलं, दिसतं. हात मुद्दाम पुढे ढकलले तर बॉल उजवीकडे जातो. काय करू?
– एक माजी सैनिक, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, व्हिडिओ काढलात हे फार चांगलं केलं. रुतणं, डोक्यावर लागणं आणि उंच जाऊन लवकर पडणं, या तिन्हींचं मूळ एकच आहे आणि ते तुमच्या पायांत आहे.

बॉल क्लबच्या फेसवर, म्हणजे हेडच्या मारायच्या सपाट बाजूवर, टिकतो तो एका सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता. एवढ्या वेळात मनगटाला काही सांगता येत नाही. त्या क्षणी क्लब जसा असतो तसा तो आधीच्या हालचालीतून आलेला असतो. ‘इम्पॅक्टला, म्हणजे क्लब बॉलला लागताना, हात पुढे हवेत’ हे खरंच आहे, पण हात पुढे ढकलून ते साधत नाही. वजन वेळेवर डाव्या पायावर आलं की हात आपसूक पुढे येतात.

स्विंगच्या फेऱ्याचा एक सर्वांत खालचा बिंदू असतो. आयर्न चांगला लागतो तेव्हा हा बिंदू बॉलच्या तीन-चार इंच पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला पडतो. व्यावसायिक खेळाडूंचा सात नंबर बॉलला भिडताना अजून सुमारे ४ अंशांनी खालीच उतरत असतो. त्यामुळे आधी बॉल लागतो, मग माती उडते. तुमचं वजन उजव्या पायावर मागे राहतं, म्हणून तो बिंदू बॉलच्या मागे पडतो. तिथे माती लागली तर क्लब रुतला. तिथून निसटला तर क्लब वर चढता चढता बॉलच्या वरच्या अंगाला लागला. आणि मनगट मोडून कसाबसा वेळ साधला, तर शाफ्ट (क्लबचा दांडा) मागे कलतो आणि लॉफ्ट (फेसचा तिरकेपणा) वाढतो. सात नंबरचा लॉफ्ट साधारण ३० ते ३४ अंश असतो. तो मागे कलला की हातात सात नंबर, पण बॉल मात्र नऊ नंबरने मारल्यासारखा उंच जातो आणि जवळ पडतो.

आता ही सवय लागते कुठे, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच खेळाडूंचं नुकसान त्यातच होतं. मी काटोलच्या बाजूला मुलांना शिकवतो, तिथली जमीनही तुमच्यासारखीच काळी आहे. मार्चनंतर ती भेगाळते, दगडासारखी होते. क्लब आपटला की झटका थेट कोपरात जातो. असे दोन-चार झटके बसले की शरीर स्वतःला वाचवायला शिकतं. हात शेवटच्या क्षणी वर ओढले जातात आणि बॉल खालून उचलायची खोड लागते. खेळणारा मात्र समजतो, माझं मनगट कमजोर आहे. पावसाळ्यात याच मातीचा चिखल होतो आणि क्लब बॉलपर्यंत पोचतच नाही. म्हणून स्विंग बदलण्याआधी जमीन बदला.

धुऱ्याजवळ (बांधाजवळ) सहा फूट लांब, दोन फूट रुंद पट्टा कुदळीने मोकळा करा, खडे वेचा, पाणी द्या आणि वाफसा आला की त्यावर सराव करा. पेरणीला जी ओल लागते तीच इथे हवी. क्लब अडकत नाही आणि खूण स्पष्ट उमटते. सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरात वावर आपोआपच अशा अवस्थेत असतं. तो काळ वाया घालवू नका.

त्या पट्ट्यावर चुन्याची सरळ रेघ ओढा, तुमच्या दोन्ही पायांच्या मधोमध येईल अशी. बॉल ठेवू नका. अर्धा स्विंग करा आणि माती कुठे उडाली ते बघा. खूण रेघेच्या डावीकडे सुरू व्हायला हवी. उजवीकडे पडली तर हातांना दोष देऊ नका. क्लब वरून खाली यायला लागायच्या आधी डाव्या टाचेवर भार द्या आणि पुन्हा करून बघा. लागोपाठ खुणा डावीकडे येऊ लागल्या, की मगच रेघेवर बॉल ठेवा.

मनगटासाठी तुराटी घ्या. हातभर लांब सरळ तुराटी ग्रिपला, म्हणजे क्लबच्या मुठीला, अशी बांधा की तिचं टोक ग्रिपच्या वर निघून डाव्या कमरेच्या बाहेरून जाईल. टोक घासून गुळगुळीत करा. आता चिपसारखे छोटे फटके मारा, जोर लावू नका. मनगट मोडलं की तुराटी लगेच डाव्या बरगडीला टेकते. हात पुढे आणि छाती फिरती राहिली तर टेकत नाही. लोखंडी गज किंवा बांबू बांधू नका. तुराटी जास्त दाबली तर मोडते, म्हणून ती बरी.

तिसरं साधन म्हणजे बारदान्याचं पोतं, चिंध्यांनी गच्च भरलेलं. रेती भरू नका, मनगट दुखावेल. हळू स्विंगने पोत्याला क्लब टेकवा आणि तसेच थांबा. स्वतःकडे बघा. हात क्लबच्या हेडच्या पुढे आहेत का? डाव्या हाताची मागची बाजू लक्ष्याकडे आहे का? डावा पाय भक्कम आणि उजवी टाच थोडी उचललेली आहे का? कंबर लक्ष्याकडे वळायला लागली आहे का? शरीराला ही जागा ओळखीची करून द्यायची आहे.

राहिला उजवीकडे जाणारा बॉल. बॉल कुठल्या दिशेने निघणार हे बहुतांशी फेस ठरवतो. हात पुढे ढकलताना डावं मनगट मागे वाकलेलंच राहिलं तर फेस उघडा, म्हणजे उजवीकडे तोंड करून, राहतो आणि बॉल उजवीकडे जाणारच. मनगट सपाट हवं. ग्रिप धरून खाली बघा, डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेली एकच गाठ दिसत असेल तर हात थोडा उजवीकडे वळवून दोन-अडीच गाठी दिसतील असा धरा. बऱ्याच जणांचं काम एवढ्याने होतं.

हे सगळं आयर्नपुरतं. ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबला, बॉल टीवर (जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर) आणि डाव्या टाचेच्या रेषेत असतो. तिथे क्लब किंचित वर चढताना लागलेलाच फायद्याचा, त्यामुळे हात फार पुढे न्यायच्या भानगडीत पडू नका.

आणि एक काळजी. वावरात गेलेला बॉल हाताने चाचपू नका, आधी काठीने गवत हलवा. समोरच्या धुऱ्यापलीकडे माणूस किंवा जनावर असेल तर थांबा.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ताकद कमी पडते म्हणून तिचा बॉल लांब जात नाही का? मी माझेच जुने क्लब कापून तिला दिले आहेत.
– एक पालक, जि. यवतमाळ

उत्तर : २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. लांब फटका मारणाऱ्यांत तिची गणना होत नाही, तरी पदक थोडक्यात हुकलं. ताकदीची चिंता सध्या बाजूला ठेवा. अडचण तुमच्या क्लबांत दिसते. मोठ्यांचा क्लब कापला तरी हेडचं वजन तेवढंच राहतं आणि शाफ्ट आणखी कडक होतो. तो पेलताना मुलगी क्लबचं हेड हातांच्या पुढे लवकर जाऊ देते, मनगट मोडतं आणि वर सांगितलेला सगळा प्रकार सुरू होतो. हलक्या शाफ्टचे मुलांचे क्लब जुने मिळाले तरी चालतील, आणि पूर्ण संच लागत नाही. सात नंबर, एक वेज (जवळच्या उंच फटक्यांसाठी) आणि पटर (बॉल भोकाकडे घरंगळवायला) आणा. तोपर्यंत तिच्याकडून चुन्याच्या रेघेचा सराव करून घ्या, बॉल न ठेवता.