इन्स्टा बंद झालं. पोरगा सुटला की तुटला?

प्रश्न: आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, आता मेलबर्नला असतो. मुलगा पंधरा वर्षांचा. इथल्या नव्या कायद्यामुळे त्याचं इन्स्टाग्राम बंद झालं. एक दिवस म्हणतो, "बरं झालं, कटकट गेली." दुसऱ्या दिवशी दार आपटून खोलीत. बेळगावची मामेभावंडं सगळी इन्स्टावरच, त्यांच्यातून हा बाहेर पडला. सुट्टीत टिळकवाडीला माहेरी येतोय. माझा भाऊ म्हणतो, "माझ्या नंबरावर खातं काढून देतो की, त्यात काय!" काढू द्यावं का?

उत्तर: नको. १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा ठिकाणी स्वतःचं खातं ठेवता येत नाही. दंड होतो तो कंपनीला, मुलाला किंवा आईबापांना नाही. तेव्हा पोलिसांचा धाक घालू नका, तो खोटा ठरेल. अडचण वेगळीच आहे. वय खोटं, नंबर मामाचा, ओटीपी बेळगावात. उद्या कुणी घाणेरडे मेसेज पाठवले तर हे लपवलेलं खातं घेऊन पोरगा तुमच्याकडे येईल का? बेळगावजवळची, महाराष्ट्राच्या हद्दीवरची शिनोळी ओलांडली की सरकार बदलतं, नियम बदलतात. सीमाभागात हे रोजचंच, म्हणून तुमच्या भावाला यात वावगं वाटत नाही. पण भाचा परत मेलबर्नलाच जाणार, आणि खातं कुठून वापरलं जातंय याचा अंदाज कंपनीला येतो.

आता त्या दार आपटण्याकडे या. "बरं झालं" हेही खरं आणि राग हाही खरा. तो सुटलाय म्हणाला की लगेच "बघ, आम्ही सांगत नव्हतो?" असं म्हणायचा मोह आवरा. एकदा म्हणालात की सुटल्याचं तो पुन्हा कधी कबूल करणार नाही.

त्याची नेमकी कटकट कसली होती, हे विचारा. मला घड्याळाचा संशय येतो. बेळगावची पोरं ट्यूशन, जेवण आटोपून रात्री नऊला गप्पांना बसतात. तेव्हा मेलबर्नला दीड वाजलेला असतो, ऑक्टोबर ते एप्रिल तर अडीच. दिवाळीत किल्ल्याचा व्हिडिओ आला, त्यावर सगळ्यांची चेष्टामस्करी चाललीय, आणि हा पांघरुणात फोन घेऊन जागा. झोपला तर सकाळी सगळा विनोद शिळा. जागला तर शाळेत डुलक्या. शिवाय पाहिलंस आणि उत्तर दिलं नाहीस, हा रुसवा वेगळा. असल्या ओझ्यातून सुटल्यावर कुणालाही हायसं वाटेल. म्हणून भावंडं नकोशी झाली असं थोडंच आहे?

व्हॉट्सॲप या बंदीत येत नाही. भावंडांचा वेगळा ग्रुप काढा, त्यात मोठ्यांना घेऊ नका. (सुप्रभातची फुलं पाठवणाऱ्या आत्यांना तर नकोच.) रविवारी बेळगावात सकाळचे नऊ म्हणजे तुमच्याकडे दुपारचे दीड-अडीच, व्हिडिओ कॉलला ती वेळ धरा. पण वेळापत्रक तुम्ही लावू नका, पोरांनाच ठरवू द्या. इन्स्टासारखी मजा येणार नाही, हे त्याला आधीच सांगून टाका. मामेभाऊ रील पाहत असणार आणि तुमचा मुलगा त्यातून वगळला जाणार. ती हळहळ सोळा पूर्ण होईतो राहील.

टिळकवाडीत असताना भावंडांच्या फोनवर तो सगळं बघणारच. बघू दे. मागे उभं राहून मिनिटं मोजू नका. त्याला व्हिडिओ जुळवायची आवड असेल तर शिवजयंतीच्या चित्ररथांची जी चित्रफीत भावंडांनी नुसती साठवून ठेवलीय, ती लॅपटॉपवर घेऊन त्याला आणि एखाद्या मामेभावंडाला बसवा. त्यासाठी कुठलंच खातं लागत नाही.

भावाला नकार मात्र इकडे यायच्या आधी फोनवर, तुम्हीच द्या. सगळं घर जमलेलं असताना मामाला नाही म्हणायची वेळ पोरावर आणू नका.