वाटीतले दहा दाणे

प्रश्न : मला आठवा महिना लागलाय, पहिलीच वेळ आहे. थोरल्या बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला, म्हणून ह्यांनी घरी मशीन आणलं. मी दिवसातून आठ-दहा वेळा बीपी बघते. वरचा आकडा कधी 118, कधी 136. वाढला की घाबरून परत लावते. सासूबाई म्हणतात, मशीनच कपाटात ठेव. बाळाची हालचालही मोजायला सांगितलीय, पण शेजारच्या काकू म्हणतात की शेवटी शेवटी ती कमी होतेच. मी नक्की काय काय मोजू? – एक वाचक, वाई

उत्तर : अगं, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. घाबरून, लागोपाठ लावलं की आकडा चढतोच. पण मशीन कपाटात नको. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एवढंच. लघवीला जाऊन ये, चहा घेतला असेल तर अर्धा तास जाऊ दे. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बस. पट्टा बाहीवरून बांधू नको, उघड्या दंडावर बांध आणि हात छातीच्या उंचीला टेकव. मिनिटभराच्या अंतराने दोनदा घे आणि दोन्ही आकडे वहीत लिही. न आवडलेला आकडा गाळू नकोस.

वरचा 140 किंवा खालचा 90 झाला, तर पंधरा मिनिटं शांत बसून पुन्हा बघ. तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. वरचा 160 किंवा खालचा 110 दिसला तर थेट दवाखाना. आणि आकडा चांगला असूनही डोकं दुखायचं थांबता थांबत नसेल, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येत असतील, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, चेहरा एकाएकी सुजला असेल, तर मशीनवर विसंबू नकोस, तडक निघ. बहिणीचं डॉक्टरांना सांगितलंयस ना? नसेल तर आधी ते सांग.

आता काकूंचं. हे मात्र साफ चूक आहे आणि धोक्याचं आहे. बाळ मोठं झालं की लाथेची तऱ्हा बदलते, ढुशा, वळणं जास्त जाणवतात, पण हालचाल कमी होत नाही.

तीस वर्षं मी सातारा जिल्ह्यात आरोग्यसेविका होते. एका वाडीवर एक बाई होती, अक्षरओळख नव्हती. तिला मी दोन वाट्या दिल्या, एकीत ज्वारीचे दहा दाणे. रात्री जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळ हललं की एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकायचा. एरवी अर्ध्या तासात वाटी रिकामी व्हायची. एका रात्री दोन तासांत चारच दाणे पलीकडे गेले. नवरा म्हणाला, सकाळी बघू. तिने ऐकलं नाही, 108 ला फोन करायला लावला. त्याच रात्री सिझेरियन झालं. मुलगी पावणेदोन किलोची, पण रडली. त्या दोन वाट्या पुढे कितीतरी जणींना मी दाखवल्या.

तूही तसंच कर. रोज ठरलेली एकच वेळ धर. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. आणि दहा भरल्या तरी आपलं बाळ रोजच्यासारखं नाही असं वाटलं, तरीही जा. तपासून सगळं ठीक निघालं तर परत ये, लाजू नकोस. दुसऱ्यांदा वाटलं तर दुसऱ्यांदा जा.

बाकी वहीत फार भरू नकोस. लोहाची गोळी घेतली की टिकमार्क कर. ती चहासोबत घेऊ नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चांगली लागू पडते. मिश्रीची सवय असेल तर आजच सोड, आमच्या भागात लपवतात म्हणून विचारते.

सासूबाईंना घड्याळ घेऊन शेजारी बसव, दाणे त्यांनाच टाकू देत. आणि दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथे जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि वहीबरोबर मशीनही पिशवीत घाल. त्यांच्या आकड्याशी तुझा आकडा जुळतो का, ते तिथेच बघून घे.