वडील सईस, मुलीला निवृत्त घोड्यांसाठी काम करायचंय

प्रश्न : माझे मिस्टर बावीस वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर सईस आहेत, म्हणजे घोडे सांभाळतात. पावसाळ्यात पुणं, थंडीत मुंबई, असं आमचं चालतं. मुलगी बारावी सायन्सला आहे, लहानपणापासून वडिलांच्या मागेमागे तबेल्यात जाते. मागच्या वर्षी मिस्टर सांभाळत होते तो सहा वर्षांचा घोडा पाय दुखावल्यामुळे विकला. कुठे गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून ती म्हणते, रेसमधून बाहेर पडलेल्या घोड्यांसाठीच काम करणार. मिस्टर म्हणतात, रेसच बंद व्हायला आलीय, घरात घोड्याचं नाव काढायचं नाही. यात नोकरी आहे का? – एक आई, पुणे

ताई, दादांची भीती उगाच नाही, म्हणून आधी त्या भीतीबद्दल बोलते.

महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883 सालचं. तिथल्या 211 एकरांपैकी 120 एकरांवर सार्वजनिक उद्यान व्हायचं ठरलंय, रेस भरवणाऱ्या क्लबकडे 91 एकर उरतात. ट्रॅक राहणार आहे, पण जागा आक्रसली की तिथे राबणाऱ्यांच्या पोटात गोळा येतोच. चेन्नईत गिंडीच्या रेसकोर्सचा भाडेपट्टा सरकारने 2024 मध्ये रद्द केला. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून रेसच्या बेटिंगवर 28 ऐवजी 40 टक्के जीएसटी लागू झाला. लोक खिडकीवर कमी पैसे लावतात, क्लबचं उत्पन्न घटतं, बक्षिसांची रक्कम घटते, मग दहा घोडे ठेवणारा मालक सहावर येतो. त्या चार घोड्यांबरोबर सईसाचंही काम जातं. दादा हे रोज डोळ्यांनी बघत असणार.

सिंगापूरमध्ये 1842 पासून चालत आलेली रेस 5 ऑक्टोबर 2024 ला कायमची थांबली. मकाऊतली त्याच वर्षी मार्चअखेर. तेव्हा मुलीने जॉकी व्हायचं म्हटलं असतं, तर मीही दादांच्याच बाजूने बोलले असते.

पण ती रेसबद्दल विचारतच नाही. तो घोडा कुठे गेला, हा तिचा प्रश्न आहे. रेस उद्या बंद पडली तर या प्रश्नाचं काम कमी होणार नाही, वाढेल. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईतल्या घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या, तो निर्णय जनावरांच्या भल्याचाच होता. पण त्या घोड्यांचं आणि गाडीवानांचं पुढे काय, हे कितीतरी दिवस लोंबकळत राहिलं. सिंगापूरने निदान सोळा महिने आधी सांगितलं होतं, घोड्यांची सोय लावायला वेळ होता.

आता हिशेब करू या. रेसचा घोडा दोन वर्षांचा असताना धावायला लागतो. पाच-सहा वर्षांचा झाला की बहुतेकांची रेस संपते. नीट सांभाळला तर तो पंचवीस वर्षं जगतो. साडेचारशे किलोच्या जनावराला दिवसाला नऊ-दहा किलो तरी कोरडी वैरण आणि चंदी (दाणा) लागते, म्हणजे वर्षाला साडेतीन टन. एकोणीस वर्षं धरली तर पासष्ट टनांच्या वर! शिवाय दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, दातांच्या कडा घासणं, लसी, पोटशुळासाठी मध्यरात्रीचा डॉक्टर. चांगल्या वंशाच्या घोड्या स्टड फार्मवर जातात, मोजके नर वळू म्हणून राहतात. उरलेले, विशेषतः खच्ची केलेले घोडे हातोहाती विकले जातात. नशीब असलं तर चांगल्या रायडिंग स्कूलमध्ये, नसलं तर लग्नाच्या वरातीत किंवा चौपाटीवर. त्यांच्या जन्माची, आईबापांची नोंद इतकी काटेकोर होते की पणजोबाचंही नाव सापडेल. आणि धावणं थांबलं की सहाव्या वर्षीच त्यांचा माग हरवतो. मला हे लाजिरवाणं वाटतं.

एका रायडिंग स्कूलमध्ये मी एकदा रेसमधून नुकत्याच आलेल्या घोड्याजवळ उभी होते. तिथली शिक्षिका त्याला फक्त उभं राहायला शिकवत होती. रेसमध्ये घोडा चालता चालताच जॉकीचा पाय हातात धरून त्याला वर चढवतात, त्यामुळे कुणी रिकिबीत पाय ठेवला की चालू पडायचं, एवढंच त्याला माहीत. तिने लगाम ओढला की तो थांबण्याऐवजी तोंडावर जोर घेऊन पुढे रेटायचा, कारण तोंडात लगाम घट्ट लागला की पळायचं, हीच त्याची आयुष्यभराची शिकवण. ती चिडली नाही. रिकिबीत पाय ठेवायची, काढायची, मानेवर थोपटायची, पुन्हा ठेवायची. पाऊण तास. शेवटी तो मान खाली घालून सुस्कारला आणि उभा राहिला. तुमची मुलगी म्हणतेय ते काम हे. अशा हातांतून गेलेले घोडे महालक्ष्मीलाच अमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये कित्येकांना घोडेस्वारी शिकवून गेले. ब्रिटनमध्ये यासाठी 2000 साली स्वतंत्र संस्था निघाली, अमेरिकेत 2012 मध्ये निवृत्त घोड्यांच्या आसऱ्यांची तपासणी करून त्यांना पैसा पुरवणारी संस्था उभी राहिली. आपल्याकडे हे बरंचसं एखाद्या मालकाच्या, एखाद्या ट्रेनरच्या चांगुलपणावर चालतं. म्हणून पगाराची खात्री मी देणार नाही. निव्वळ निवृत्त घोड्यांच्या कामावर घर चालेल असं आज म्हणता येत नाही.

त्यासाठीच तिने आधी पशुवैद्यक व्हावं असं मी म्हणेन. बारावीला बायोलॉजी असेल तर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी, त्या गुणांवर बी.व्ही.एस्सी.ला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीला प्रवेश मिळतो. अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथे आहेत. शिरवळ तुम्हाला जवळ. परळला राहिली तर महालक्ष्मी हाकेच्या अंतरावर. शिकताना गाई-म्हशीच जास्त भेटतील, त्याला कंटाळू नये. पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, स्वतःचा दवाखाना टाकता येतो. पोट गाई-म्हशींवर चाललं की घोड्यांना मोकळ्या मनाने वेळ देता येतो. रेसचं काहीही होवो, ही पदवी वाया जात नाही.

नीटमध्ये जमलं नाही, तर रायडिंग शिकवणं आणि तबेल्याची व्यवस्था हा रस्ता आहे. तो लांबचा आणि कष्टाचा. नालबंदीत मुली फारशा दिसत नाहीत, पण चांगल्या नालबंदाची वाट सगळेच बघत असतात. एक सावधगिरी मात्र हवी. काम शिकायला कुठेही पाठवण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन घोडे बघा. बरगड्या दिसतात का, खोगिराखाली जखमा आहेत का, पाणी भरलेलं आहे का. जिथे जनावराचे हाल, तिथे शिकणाऱ्या पोरीचेही होतात.

आता दादांसाठी. रोज पहाटे खरारा करताना ते घोड्याच्या पुढच्या पायांवरून हात फिरवत असतील. टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, किंचित गरम लागला तरी डॉक्टरच्या आधी सईसाला कळतं. पाच वर्षं कॉलेजात बसून ही बोटं मिळत नाहीत. घरात घोड्याचं नाव काढू नका म्हणणाऱ्या माणसाकडेच मुलीचा पहिला धडा आहे, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

आणि मुलीला एक वही करायला सांगा. दादांनी बावीस वर्षांत सांभाळलेला एकेक घोडा त्यात लिहायचा : रेसबुकातलं नाव, जन्मसाल, आईबाप, कोणता पाय अधू होता, कशाला बुजायचा, तबेल्यातून कधी गेला, कुणी नेला. आठवेल तेवढंच लिहा. मागच्या वर्षी गेलेल्या घोड्यापासून सुरुवात करा. त्याला विकत घेणाऱ्याचा फोन नंबर ट्रेनरच्या ऑफिसात असेलच. दादांनी विचारला तर नाही म्हणणार नाहीत. वही घेऊन तिघंही माझ्याकडे या, सकाळची कामं उरकल्यावर, अकराच्या पुढे कधीही.