नदी, बील आणि मधली वाट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

काझीरंगातल्या बीलांवर, म्हणजे नदीच्या पूरमैदानातल्या तळ्यांवर, मागे लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत गोंधळ एकच आहे: नदी वेगळी, तळं वेगळं आणि पूर म्हणजे दोघांवर कोसळलेलं संकट. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहिणं होत नाही, म्हणून इथे एकत्र.

पाठ्यपुस्तकातलं नालाकृती सरोवर आणि आसामातलं बील एकच का? (शिक्षिका, सातारा)

नाही. नदीनं सोडून दिलेल्या वळणात साठलेलं पाणी म्हणजे नालाकृती सरोवर. पूरमैदानातल्या कुठल्याही सखल जागी साठलं, मग आकार काही का असेना, तर ते बील.

कंबोडियाच्या सहलीत गाइडनं सांगितलं, की तिथली एक नदी दरवर्षी उलटी वाहते. खरं, की पर्यटकांसाठी रचलेली गोष्ट? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

खरं आहे. टोनले साप हे तळं आणि त्याच नावाची नदी. नदी नोम पेन्हजवळ मेकाँगला मिळते. पावसाळ्यात मेकाँगची पातळी तळ्यापेक्षा वर चढली, की पाणी नदीतून मागे तळ्याकडे जातं. उन्हाळ्यात सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असलेलं तळं तेव्हा १० ते १५ हजारांपर्यंत पसरतं, आणि जेमतेम मीटरभर खोलीचं पाणी आठ-नऊ मीटर होतं. मेकाँग उतरली की प्रवाह पुन्हा सुलटा. नोव्हेंबरच्या सुमारास तिथे नौकांच्या शर्यतींचा उत्सव असतो, तो याच वळणाचा. यात चमत्कार काही नाही, पाणी उताराकडे जातं. फक्त उताराची दिशा बदलते. अलीकडे काही वर्षं हा उलटा प्रवाह उशिरा आला आणि लवकर संपला. कमी पाऊस आणि वरची धरणं, दोन्हींचा त्यात हात आहे. तळ्यातल्या कोळ्यांना ते आकडेवारीच्या आधी कळलं.

आपल्या महाराष्ट्रात बीलासारखी तळी का दिसत नाहीत? (विद्यार्थी, संभाजीनगर)

दख्खनच्या नद्यांची पात्रं काळ्या कातळात खोल कोरलेली आहेत. ब्रह्मपुत्रेसारखं ऐसपैस लोळायला त्यांना गाळाचं रुंद मैदान मिळत नाही. भंडारा-गोंदियाचे तलाव बांधलेले आहेत. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेल्याचं २०२० साली जाहीर झालं, पण तेही बंधाऱ्यामागं साठलेलं, गाळानं उथळ झालेलं पाणी आहे.

पुराचं पाणी आमच्या तळ्यात शिरलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मासे मरून तरंगले. कुणी विष टाकलं असेल का? गावात एकाचं नाव घेतलं जातंय. (मत्स्य सहकारी संस्थेचे सभासद, पश्चिम महाराष्ट्र)

नाव घेणं आधी थांबवा. सुकलेल्या काठावरचं गवत, पालापाचोळा पाण्याखाली गेला की कुजायला लागतो आणि पाण्यातला प्राणवायू खातो. पहाटे तो सर्वांत कमी असतो. ब्राझीलच्या पांतानाल पाणथळात पहिल्या पाण्याबरोबर असे मासे मरतात. तिथे त्याला ‘देक्वादा’ असा शब्दच आहे. मरण्याआधी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते का, हे कुणी पाहिलं असेल तर ते महत्त्वाचं. अर्थात पुरासोबत शेतातलं औषध किंवा कारखान्याचं पाणीही येऊ शकतं, म्हणून मी इथून निकाल देणार नाही. पाण्याचा नमुना त्याच दिवशी घ्यायला हवा होता. पुढच्या वेळी आठवडाभर चर्चा करण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाला फोन करा.

जलपर्णी मुळापासून संपवणारी सूक्ष्मजीवांची पावडर एक कंपनी देतेय. टाकावी का? (सरपंच)

नको. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तिथे नदी दरवर्षी चढते-उतरते, कडेची झाडं सुकून मरतात, आणि तिला खाणारे भुंगेही असतात. काझीरंगात मोठा पूर बीलातली जलपर्णी उचलून ब्रह्मपुत्रेत नेऊन टाकतो, फुकट. तुमच्या तळ्यात ती माजली, कारण पाणी हलत नाही आणि सांडपाणी येतं. पावडरवाल्याला विचारा, सांडपाणी तसंच येत राहिलं तर पुढच्या वर्षीची हमी लेखी देतोस का? पिशवीच्या किमतीत पाण्याची तपासणी करून घेता येईल, ती आधी करा.

मी कामानिमित्त आसामात असतो. इथल्या गावकऱ्यांना मदत म्हणून आम्ही काही मित्र एक योजना करतोय: बीलाभोवती बांध, त्याच्या नदीकडच्या तोंडाशी पाणी अडवणारी झडप, आत बारमाही पाणी आणि दरवर्षी मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडायची. पुराचा त्रास संपेल आणि उत्पन्नही वाढेल. तुमचं मत? (अभियंता, गुवाहाटी)

हेतू चांगला आहे, योजना वाईट. जरा सविस्तर सांगतो, कारण हेच पत्र वेगवेगळ्या गावांतून मला वर्षानुवर्षं येतंय.

तुमचं लहानपण कोकणात किंवा घाटमाथ्यावर गेलं असेल, तर चढणीचे मासे आठवा. कुणी त्याला वलगण म्हणतं. पहिला पाऊस पडून ओढे वाहायला लागले, की अंड्यांनी भरलेले मासे नदीतून वर, भातखाचरापर्यंत चढतात. बीलाचं गणित तेच, फक्त फार मोठं. रोहू, कटला वाहत्या, चढत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात नाही. नदी चढली की पाणी काठ ओलांडण्याआधीच जोडनाल्यातून मागच्या बाजूनं बीलात शिरतं आणि त्यासोबत पिल्लं येतात. बीलात पाणी संथ होतं, गाळ तोंडाशीच बसतो, पुढचं पाणी निवळतं, ऊन आत पोचतं आणि शेवाळ, सूक्ष्मजीव वाढतात. पिल्लांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढे मासे, तिथे होतात. नदी ओसरू लागली की बरेच मासे तिच्यासोबत परततात. पुढच्या वर्षी अंडी घालायला येणारे हेच. म्हणजे नदी बीलाला पाणी आणि बीज देते, आणि बील नदीला मासे परत देतं. १९८९ साली युंक, बेली आणि स्पार्क्स या तिघांनी याला पूरस्पंदाची संकल्पना असं नाव दिलं; युंक यांनी बरीच वर्षं ॲमेझॉनच्या काठावर घालवली होती. पण तिथले आणि इथले मच्छीमार ते नावाशिवायच जाणून होते.

आता तुमची झडप. ती कधी बंद होणार? भात बुडेल या भीतीनं, नदी चढताना. म्हणजे बीज यायची वेळ तीच, आणि दार बंद. उघडणार कधी? पाणी ओसरल्यावर. १९५४ नंतर आसामात बांधांची जी रांग लागली, तिच्यामागं कितीतरी बीलं अशीच तुटून पडली. नदीचा गाळ दोन बांधांच्या मधे साचून तळ उंचावत जातो, आणि आत जलपर्णी कुजून कुजून बील उथळ होतं. मग दरवर्षी बीज विकत घ्यायचं. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की झडप बसवणारा आणि बीज पुरवणारा एकच आहे. पुन्हा वाचा ते वाक्य.

कायद्याचंही ऐका. २०१७ च्या पाणथळ नियमांत नदीचं पात्र व्याख्येतून वगळलं आहे. नदी एका कागदावर, बील दुसऱ्या, आणि मधला नाला कुणाच्याच नाही. बुजतो तो तोच.

बांध सगळे पाडा, असं मी म्हणत नाही. त्यांच्यामागं माणसं राहतात. पण नवा घालण्याआधी जुना जोडनाला कुठे होता, हे गावातल्या म्हाताऱ्या मच्छीमाराला विचारा. तो मोकळा करता येतो का, असलेली झडप पहिल्या चढत्या पाण्याला उघडी ठेवता येते का, हे पाहा. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र तुमच्याच शहरात आहे आणि बीलांवर तिथे काम चालतं. आधी तिथे जा, ठेकेदाराकडे नंतर. आणि या पावसाळ्याच्या आत जा. पाहणीचा अहवाल यायला दोन वर्षं लागतात, तेवढ्यात नाल्यावर दुकान उभं राहतं.

ॲमेझॉनच्या पुरात मासे झाडाखालची फळं खातात, असं मुलीनं वाचलंय. खरंच? (पालक, पुणे)

हो. पाणी जंगलात शिरतं आणि मासे मागोमाग. बाजारात रूपचंद मिळतो ना, तो त्याच खोऱ्यांतला फळखाऊ पाकू आहे. शेततळ्यातून नदीत मात्र सोडू नका.

तिथे तळ्यात डॉल्फिन मेले होते, ते पुरामुळेच ना? (तीच मुलगी, पत्राच्या तळाशी)

उलट, पाणी न आल्यामुळे. २०२३ च्या दुष्काळात ॲमेझॉन खोऱ्यातलं टेफे तळं आटलं, उरलेलं पाणी ४० अंशांच्या आसपास तापलं आणि दीडशेहून जास्त डॉल्फिन गेले. प्रश्न चांगला विचारलास.

सांगलीजवळ प्लॉट बघतोय. एजंट म्हणतो, इथे पूर्वी नदीकाठचं डबकं होतं, भराव टाकून दहा वर्षं झाली, आता पाणी येत नाही. (वाचक, कोल्हापूर)

२०१९ आणि २०२१ च्या पुरांत त्या प्लॉटवर पाणी किती चढलं होतं, ते एजंटला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा. भरावानं जमीन उंच होते, पाणी शेजाऱ्याकडे जातं. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जलसंपदा विभागाकडून नकाशा घ्या, वकिलाला दाखवा. तोवर इसार देऊ नका.