टेस्ट हाय आली तरी गाय रिकामी कशी?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर साहेब, माझी एचएफ क्रॉस (होल्स्टिन फ्रिजियन संकरित) गाय, दुसरं वेत. एआय केल्यावर (कृत्रिम रेतनाने भरवल्यावर) २१ व्या दिवशी दुधातलं प्रोजेस्टेरॉन हार्मोन तपासलं, हाय आलं, आम्ही गाभण समजून निवांत. परत माजावर आलेली पण दिसली नाही, आणि दोन महिन्यांनी डॉक्टरांनी हात घालून बघितलं तर रिकामी. मग टेस्टला अर्थ काय? भाचा म्हणतो मेडिकलमधली बायकांची प्रेग्नन्सी तपासायची पट्टी वापरू, चालेल का? तसं भरवताना गाय नुसती अस्वस्थ होती, सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला नव्हता.
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : दादा, टेस्ट खोटी नव्हती, पण ती गाभणपणाची टेस्टच नाहीये. प्रोजेस्टेरॉन येतं अंडाशयावरच्या पीतपिंडातून (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ), गाभण नसलेल्या गायीतही तो असतोच. गर्भ नसेल तर माजानंतर १७-१८ दिवसांनी पिंड विरघळायला लागतो, प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि गाय माजावर येते. म्हणून २१ व्या दिवशी लो आलं तर गाय रिकामी हे जवळजवळ नक्की, हाय आलं तर फक्त 'असू शकते', एवढंच.

तुमच्या पत्रातली सोट न दिसल्याची गोष्ट मला जास्त खटकते. समजा गाय माजानंतर १० व्या दिवशी असताना भरवली, तर २१ दिवसांनी ती पुढच्या चक्रात परत १० व्याच दिवशी असणार, म्हणजे प्रोजेस्टेरॉन हाय, आणि मधला माज मुका गेला की तुम्हाला कळणारही नाही. गर्भ राहून नंतर जिरला किंवा गर्भपिशवीत पू असला तरी असंच दिसतं. पुढच्या वेळी भरवायच्या दिवशीचं दूधही तपासा, तेव्हा हाय आलं तर भरवूच नका. आणि नमुना दरवेळी एकाच पद्धतीने घ्या, कारण हे हार्मोन फॅटबरोबर जातं आणि शेवटच्या धारांत फॅट जास्त असतं.

खात्रीसाठी ३० दिवसांनंतर सोनोग्राफी किंवा पॅग टेस्ट करा, पॅग हे वारेतून येणारं प्रोटीन आहे. मात्र व्याल्यावर दोनेक महिने जुन्या गाभाचं पॅग रक्तात राहतं, तेव्हा घाई नको. आणि ज्या गायी लवकर पॉझिटिव्ह येतील त्यांची साठ दिवसांनी परत तपासणी कराच.

भाच्याची पट्टी नको, ती एचसीजी (बाईला दिवस गेल्यावर तयार होणारं हार्मोन) शोधते आणि गायीत ते तयारच होत नाही.