नीटला साडेसहाशे, ॲनाटॉमीत नापास

कॉलेज सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की कुणाचे ना कुणाचे आई-वडील माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न घेऊन येतातच: नीटला एवढे मार्क होते, मग पहिल्याच वर्षी पोरगं नापास कसं? त्यातलेच एक वडील अजून आठवतात. परभणीकडचे शेतकरी, सोबत सरकारी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेला मुलगा. नीटला ७२० पैकी साडेसहाशे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

"मॅडम, त्याला डॉक्टरकी झेपत नसली तर आत्ताच सांगा. घेऊन जातो गावाकडं. पण हा तोंडच उघडंना."

मुलगा खाली बघत बसलेला. कॉलेजच्या पहिल्या इंटर्नलला, म्हणजे अंतर्गत परीक्षेला, ॲनाटॉमीत (शरीररचनाशास्त्रात) नापास झाला होता, तीन आठवडे डिसेक्शनला, म्हणजे मृतदेहाच्या विच्छेदनाच्या तासाला, फिरकला नव्हता. दिवाळीलाही घरी गेला नाही. त्याचं कारण मागाहून कळलं. गावच्या फाट्यावर त्याच्या फोटोचा फ्लेक्स लावलेला, नावाआधी 'डॉ.' लिहून.

वडिलांना चहा प्यायला पाठवलं. मला वाटलं, मुलगा मृतदेहाला घाबरला असेल. मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मलिनचा तो डोळ्यांत जाणारा वास, टेबलावरचं शरीर. पहिल्या आठवड्यात चक्कर येणारी मुलं असतातच. मी तसं विचारलं, तर तो जरा चिडूनच म्हणाला, "बॉडीचं काही नाही हो. आजोबा गेले तेव्हा शेवटची आंघोळ मीच घातली." माझा अंदाज साफ चुकला होता.

अडलं होतं ते व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत. सर चिमट्याने एक नर्व्ह (मज्जातंतू) उचलून विचारत, "ही कोणती? कुठून येते, काय काय सप्लाय करते?" नाव त्याला ओळखू यायचं, मस्क्युलोक्युटेनियस. पुढचं वाक्य डोक्यात मराठीत तयार व्हायचं, इंग्रजीत वळवेपर्यंत सर पुढच्या रोल नंबरवर. चार वेळा असं झाल्यावर तो जायचाच बंद झाला.

आता यात बुद्धीचा काय संबंध? नीटमध्ये १८० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. दोन-तीन वर्षं मुलं एकच कौशल्य घासतात: समोर दिसलेलं बरोबर उत्तर ओळखणं. मेडिकलला पाऊल ठेवल्यापासून पर्यायांचा आधार बहुतेक गायब. रिकाम्या कागदावर लिहायचं, उभं राहून बोलायचं. ओळखणं आणि आठवून सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसऱ्याची तयारी त्याच्याकडून कुणी करून घेतलीच नव्हती. त्याने नीटही मराठीतून दिलेली. दोष द्यायचाच तर मी क्लासवाल्यांना देईन, पोराला नाही.

अभ्यासाआधी मात्र दुसरी गोष्ट होती. झोप उडालेली, जेवण एक वेळचं. जिवाचं काही करावंसं वाटतं का, हे मी नेहमी सरळ विचारते. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. तो म्हणाला, "तसं नाही. पण सकाळ होऊच नये वाटतं." एवढं मला पुरेसं होतं. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये माझ्यासमोर सेव्ह करून घेतला.

मग अभ्यास. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि मोठ्याने सांगायचं, आधी मराठीतच. "ही नर्व्ह कोरॅकोब्रॅकिअलिसला भोक पाडून पुढे जाते, बायसेप्सला आणि ब्रॅकिअलिसला फांद्या देते." स्नायूंची नावं, तंत्राचे शब्द जसेच्या तसे, क्रियापदं आपली. हे न अडखळता आलं की तेच इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. ऐकायला रूममेट. तो मुंबईचा, इंग्रजी फर्डं, पण ॲनाटॉमी त्याचीही कच्चीच. हे ऐकून याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

वडिलांना वेगळं समजावावं लागलं. ते इंटर्नललाच वर्षाचा निकाल समजत होते. वर्षाचा निकाल विद्यापीठाच्या परीक्षेवर. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री हे तीन विषय. एखादा राहिला तर पुरवणी परीक्षा असते, तिथे सुटला तर आपल्याच बॅचसोबत पुढे जातो. पहिलं वर्ष पार करायला एकूण चार संधी. मोकळीक अमर्याद नाही, पण एका इंटर्नलवर गावाकडं नेण्याइतकी तंगीही नाही.

"म्हंजी डॉक्टर कधी व्हायचा?"

साडेचार वर्षं शिक्षण, वर्षभर इंटर्नशिप. पुढे एमडी किंवा एमएस करायचं तर आणखी तीन. त्यांनी बोटांवर मोजलं आणि गप्प बसले. मग स्वतःहूनच म्हणाले, "तो फ्लेक्स काढायला लावतो."

फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री पहिल्या फेरीत निघाले. ॲनाटॉमी पुरवणीत सुटली. पुरवणीच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला होता, नुसता ॲक्सिलरी आर्टरीच्या (काखेतल्या धमनीच्या) फांद्या म्हणून दाखवायला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी हूं हूं करत राहिले.

दुसऱ्या वर्षी वॉर्डात पोस्टिंग लागलं. तिथे पेशंटकडून हिस्ट्री घ्यायची असते: काय होतंय, कधीपासून, कसं दुखतं. एका आजीबाईंनी रूममेटला सांगितलं, "कळ येती बाबा, ठणका न्हाई." त्याने वहीत नुसतं 'पेन' लिहिलं. आमचा मुलगा शेजारच्या खाटेवरून उठून आला. कळ म्हणजे येते-जाते ती, ठणका म्हणजे नाडीसारखं ठोकत राहतं ते, चमक म्हणजे क्षणभर विजेसारखी, आग म्हणजे जळजळ, असं त्याला समजावून सांगितलं आणि आजींना पुन्हा विचारलं, "कळ जेवल्यावर येती का उपाशीपोटी?"

आता रूममेट रोज संध्याकाळी त्याच्याकडून मराठी शिकतो, असं तो सांगत होता. फी म्हणून कँटीनचा वडापाव.